हात आडवा करेपर्यंत

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणारी माणसं पुष्कळ फिरलेली असतात, त्यांनी चार देश पाहिलेले असतात आणि पाचव्याशी तुलना करता येते. मी परदेशी एकदाच गेलो, जेमतेम तीन आठवडे, आणि त्यातला बराचसा वेळ एका शाळेच्या हॉलमध्ये घालवला. थेम्सवरचा तो प्रसिद्ध पूल मी गाडीतून पाहिला असं गावात सगळ्यांना सांगून बसलो होतो. नंतर कळलं, मी पाहिला तो दुसराच पूल होता. अशा माणसाने काय लिहावं?

पण आमच्या विभागातल्या मॅडमनी माझा अहवाल वाचला आणि म्हणाल्या, "सगळं नीट आहे, संतोष. फक्त तू काय पाहिलंस ते यात कुठेच नाही. ते वेगळं लिही." म्हणून हे लिहितोय. जमलं नाही तर समजून घ्यावं.

मी हिंगोलीकडचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला आणि पासपोर्ट काढलेलाही पहिलाच. वडील गवंडीकाम करतात. आई गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. मी समाजकार्य शिकतो. आमच्या कॉलेजचा इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाशी करार आहे, त्यातून एका विद्यार्थ्याला तिकडे पाठवतात. मी अर्जात 'शाळेतलं खाणं' हा विषय लिहिला, कारण मला खरोखर माहीत असलेला तेवढाच विषय होता. आणि माझी निवड झाली.

कॉव्हेंट्री, पहिली संध्याकाळ

माझी राहण्याची सोय डॉ. वझलवारांकडे केली होती. मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर भूल द्यायचं काम करून निवृत्त झालेले. मला घ्यायला ते बसस्टँडवर आले होते. मी त्यांना ओळखण्याआधी त्यांनीच मला ओळखलं.

"स्वेटरचं लेबल लटकून राहिलं बे मागे," ते म्हणाले. "दुरूनच समजलं, हा आपलाच."

घरी त्यांच्या पत्नी वीणाकाकूंनी वरण-भात, तोंडल्यांची भाजी आणि पोळ्या केल्या होत्या. इतक्या लांब येऊन पहिला घास तोंडल्याच्या भाजीचा मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन पोळ्या कधी संपल्या कळलंच नाही. काकूंनी विचारलं, "अजून एक वाढू?"

मी म्हणालो, "नको, नको."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि पोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

मी त्या झाकणाकडे बघतच राहिलो. आमच्याकडे पहिला 'नको' म्हणण्यासाठीच असतो, तो कुणी ऐकत नाही. दुसरा जरा हळू म्हणायचा असतो. तिसऱ्याच्या वेळी पोळी ताटात पडलेली असते आणि आपण 'अहो, कशाला' म्हणत खायला लागलेलो असतो. मी फक्त पहिल्या नकोपर्यंत पोहोचलो होतो. मग भाताचं विचारलं, तेव्हाही सवयीने तोंडातून तेच निघालं. "बरं हं," म्हणून काकूंनी भात फ्रिजमध्ये ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या संध्याकाळी मी खोलीत आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू खात असताना काका चादर द्यायला आले.

"काय बे, आमच्या घरी पोट भरत नाही का तुझं?"

मला खोटं सांगता येईना. सगळं सांगितलं. काका इतके हसले की त्यांना पलंगावर बसावं लागलं. त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "वीणा, अगं, पोरगं तीन दिवस उपाशी आहे. तू विचारलं एकदाच!"

काकू हसल्या नाहीत. कणीक मळायला घेतली आणि मळता मळता सांगू लागल्या. लग्न होऊन त्या नव्याने इथे आल्या, तेव्हा काकांच्या वरिष्ठ डॉक्टरांनी दोघांना जेवायला बोलावलं होतं. भाजलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत आलं. त्या 'नो थँक यू' म्हणाल्या. भांडं पुढे गेलं.

"गेलं ते गेलंच. परत आलंच नाही. बसस्टॉपवर रडले मी, बटाट्यांसाठी. आणि आता मीच तशी झालेय बघ. एकदा विचारते आणि डबा बंद करते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण त्यात वाईट काही नाही, संतोष. इथे नको म्हणजे नको. मुलांनाही तेच शिकवतात, तुला नको असेल तर नाही म्हण, तुझं ऐकलं जाईल. आपल्याकडे ते कोण शिकवतं?"

मी मान हलवली. त्या रात्री पोटभर जेवलो, न विचारता हात पुढे करून.

शाळेचा हॉल

काकूंची मुलगी अनन्या इथेच जन्मली, इथेच वाढली. एका प्राथमिक शाळेत ती साहाय्यक शिक्षिका आहे आणि सकाळचा नाश्ताही तीच बघते. माझं काम तिच्याच शाळेत होतं. मी तिला अनन्याताई म्हणालो तर म्हणाली, "ताई नको, प्लीज. मला एकदम फिफ्टी वाटते." पण माझ्याकडून ताई सुटलं नाही.

सकाळी आम्ही चालत जायचो. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, प्रत्येकाचा दरवाजा थेट फुटपाथवर. गाड्यांच्या काचांवर दव गोठलेलं, लोक ते खरवडून काढत असायचे. कालव्याच्या कडेला पिवळी डॅफोडिल्स उगवलेली, कुणी लावली नसावीत अशी वेडीवाकडी. वडिलांना दाखवायला मी विटांचे फोटो काढले. ते बघून अनन्याताई म्हणाली, "कॅथीड्रलचं नाही काढलास, पण भिंतीचं काढतोस?"

वाटेत तिने मला शाळेची अडचण सांगितली. शाळेत आधीपासून एक ब्रेकफास्ट क्लब होता, ज्यांच्या आईवडिलांना लवकर कामावर जावं लागतं त्यांच्यासाठी, पैसे भरून. आता सरकार मोफत नाश्ता आणखी शाळांमध्ये वाढवत आहे. सगळ्या मुलांना, शाळा भरण्याआधी, कुणालाही काही न विचारता. या शाळेलाही आपलं नाव देता येणार होतं. पण मुख्याध्यापिका मिसेस बार्लो यांचं मन होत नव्हतं. माणसं लवकर बोलवायची, हॉल लवकर उघडायचा, आणि मुलं आलीच नाहीत तर? म्हणून त्यांनी सत्र संपेपर्यंत थोडे दिवस प्रयोग करायचं ठरवलं होतं. नाश्ता सगळ्यांना मोफत. हॉल भरला तर नाव पाठवायचं, नाही भरला तर विषय बंद.

"पण भरेल ना?" मी विचारलं. खरं तर मनात वेगळंच होतं. इंग्लंडमधली मुलं उपाशी कशी असतील, हा प्रश्न मला विचारायला लाज वाटत होती.

तिला तो कळला असावा. "दहा वाजले की काही मुलं टेबलावर डोकं ठेवतात," ती म्हणाली. "सगळ्या टीचर्सच्या ड्रॉवरमध्ये बिस्किट असते. आपल्या पैशाने आणलेली. कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे."

शाळेत मला गळ्यात घालायला लाल पट्टी दिली. लाल म्हणजे पाहुणा, मुलांबरोबर एकटं थांबायचं नाही. हॉल एकच, तिथेच प्रार्थना, तिथेच व्यायाम, तिथेच जेवण. भिंतीला घडीची टेबलं लावलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टोस्टचा वास येत होता. टोस्ट, पॉरिज म्हणजे दुधात शिजवलेली ओट्सची पेज, केळी आणि सफरचंदाच्या फोडी. मला ती पेज फार आवडली. साखरेऐवजी थोडं मीठ आणि फोडणी मिळाली असती तर आणखी आवडली असती.

अनन्याताई फाटकाशी उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला वाकून, हसून विचारायची, "गुड मॉर्निंग. ब्रेकफास्ट घेणार का?"

आणि मुलं तितक्याच गोडपणे सांगायची, "नो थँक यू, मिस."

हॉलमध्ये यायची ती जुन्या क्लबातलीच मुलं. बाकीची पटांगणात पळायची. बरीच घरून खाऊनही येत असतील. पण एक मुलगी माझ्या लक्षात राहिली. आठ-नऊ वर्षांची, टिली नावाची. ती सगळ्यात आधी यायची, फाटक उघडायच्याही आधी. जांभळा कोट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली. तिला विचारलं की ती ठरलेलं उत्तर द्यायची, "मी खाल्लंय, थँक यू." मग हॉलच्या बाहेरच्या बोळात हीटरला पाठ लावून उभी राहायची. तिथून टोस्टचा वास सगळ्यात जास्त येतो, हे मी स्वतः उभं राहून पाहिलं होतं.

"ते मुलगी रोज तेच बोलते," अनन्याताई म्हणाली. "मी काय करू? ती नाही बोलली तर मी कसं देऊ?"

मिसेस बार्लो दारातून रिकाम्या टेबलांकडे बघायच्या. त्या कठोर नव्हत्या. एकदा मला म्हणाल्या, "इथले आईवडील स्वाभिमानी आहेत. त्यांच्या मुलांना मी भुकेली ठरवली, असं त्यांना वाटायला नको." आमच्या गावातले आईवडीलही काही कमी स्वाभिमानी नाहीत. पण आमच्या शाळेत कुणी कुणाला विचारतच नाही. सुट्टी झाली की सगळे ताटल्या घेऊन रांगेत बसतात. सरपंचाचा नातू, वीटभट्टीवरच्या माणसांची पोरं आणि माझ्या वेळी खिचडीवालीचा मुलगा म्हणून मीही. आई पातेलं घेऊन ओळीने फिरते. हवं का म्हणून ती विचारत नाही. मुलाने ताटलीवर हात आडवा धरला की थांबते. तोपर्यंत वाढते.

हे सगळं मला मिसेस बार्लोंना सांगायचं होतं. पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

माझ्याकडून झालेली चूक

बोलता आलं नाही म्हणून मी हाताने करायला गेलो, आणि तिथेच चुकलो.

एका सकाळी अनन्याताई फाटकाशी होती आणि मी पॉरिजचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरू लागलो. रिकामी वाटी दिसली की माझा हात थांबत नाही. एका पोराला वाढलं, ते हसलं. दुसऱ्याला वाढलं. तिसऱ्या टेबलावर एका लहान मुलीपुढे, वाटीखाली ठेवतात तसं छोटं पिवळं आसन अंथरलेलं होतं. तिची वाटी रिकामी होती. मी डावभर पेज घातली.

"संतोष, नो! स्टॉप!"

फाटकावरून नुकतीच आत आलेली अनन्याताई हॉलभर पळत आली आणि तिने ती वाटी उचलली. पिवळं आसन म्हणजे त्या मुलाला दूध चालत नाही. नुसतं चालत नाही एवढंच नाही, घसा सुजतो, श्वास अडकतो. त्यांच्यासाठी वेगळं, बिनदुधाचं पॉरिज शिजवलेलं असतं. मुलीने अजून चमचा उचलला नव्हता, तेवढं नशीब. तिनेच मला समजावलं, "इट्स ओके. मी खाणार नव्हतेच. मला माहितेय." मी पॉरिजचं भांडं खिडकीत नेऊन ठेवलं.

मिसेस बार्लोंनी मला खोलीत बोलावलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चहा घेणार का विचारलं. मी "नो थँक यू" म्हणालो. अर्थातच चहा आला नाही.

"तुमच्या मनात चांगलंच होतं, हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण आज काही झालं असतं, तर हा प्रयोग आजच संपला असता. आणि सगळ्या शाळेला एकदम खाऊ घालायचं म्हटलं, तर मला याचीच भीती वाटते."

म्हणजे जे व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, तेच मी बंद पाडायला निघालो होतो. त्यानंतर माझं काम खिडकीच्या आत, कप विसळायचं. तिथून बोळातला हीटर दिसायचा आणि त्याला टेकलेला जांभळा कोट.

ईलिंग, पाडव्याचा शनिवार

इथे सण ज्या दिवशी येतो त्या दिवशी होत नाही, येणाऱ्या शनिवारी होतो. पाडव्याच्या जेवणासाठी काका आम्हा सगळ्यांना गाडीने लंडनजवळच्या ईलिंगला घेऊन गेले. तो चुकीचा पूल मी याच प्रवासात पाहिला.

एका भाड्याच्या हॉलमध्ये मराठी माणसं जमली होती. डॉक्टर, बँकेतले, ब्रॅकनेलच्या कंपन्यांत काम करणारे पुण्याचे तरुण. दाराशी गुढी, तिच्या टोकाला घरातल्या कुणाचा तरी स्टीलचा गडू. रस्त्यावरच्या आजीबाई थांबून फोटो काढत होत्या. आत लांबच लांब टेबलं, कागदी ताटं आणि वाढायला उत्साही पोरं. मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण इथे नको कुणीच ऐकत नव्हतं.

"घ्या हो काकू, एक पुरी."

"अरे नको रे, डाएट आहे माझं."

"ते सोमवारी करा!" आणि पुरी ताटात.

काका-काकूंबरोबर त्यांच्या शेजारीण हेलन आल्या होत्या, साठीच्या, पहिल्यांदाच. ब्रॅकनेलचा एक मुलगा श्रीखंडाचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. त्या म्हणाल्या, "नो थँक यू, लव्हली." त्याने एक डाव वाढला. त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "नो, रिअली." त्याने दुसरा वाढला. हेलन घाबऱ्याघुबऱ्या होऊन काकूंकडे बघू लागल्या.

काकू हसत हसत ओरडल्या, "हेलन, तोंडाने बोलून उपयोग नाही! हात! ताटावर हात आडवा धर!"

हेलननी दोन्ही हात ताटावर पसरले. पोराने लगेच पातेलं मागे घेतलं, "सॉरी हं आँटी," म्हणाला आणि पुढे गेला. सगळे हसले. हेलनही हसल्या आणि मग श्रीखंड चाटूनपुसून खाल्लं. काका म्हणाले, "बघा, पोटात होती जागा!"

अनन्याताई मात्र हसता हसता थांबली. पुरी तशीच हातात धरून त्या मुलाकडे बघत राहिली. तो ओळीने पुढे जात होता, ताटावर हात दिसला की थांबत होता, नाही दिसला की वाढत होता.

"आई," ती म्हणाली, "हात केला तर नक्की थांबतात? ऑलवेज?"

"हात केल्यावर कोण वाढेल? ते पाप असतं," काकू म्हणाल्या.

"मग हे पण नो आहे. फक्त आधी नाही, शेवटी बोलायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "संतोष, मी फाटकात विचारते. सगळ्यांच्या समोर. तिथे कोण येस बोलणार?"

मी आईच्या पातेल्याची गोष्ट तिला तेव्हा सांगितली. इतके दिवस का नाही सांगितलीस म्हणून ती माझ्यावर चिडली. खरंच, का नाही सांगितली? कुणी विचारलं नव्हतं.

कॉव्हेंट्री, शेवटची सकाळ

सोमवारी अनन्याताई मिसेस बार्लोंकडे गेली. मी दाराबाहेर उभा होतो. आत बराच वेळ प्रश्न चालले होते. पिवळ्या आसनांचं काय? त्या मुलांना कोण वाढणार? पालकांना कधी कळवणार? ज्याला नको असेल त्या मुलाला कुणी भरवणार नाही ना? मला वाटलं होतं हे प्रश्न म्हणजे नकार. पण माझ्या चुकीनंतर त्यांतला प्रत्येक प्रश्न बरोबर होता. शेवटी मिसेस बार्लो म्हणाल्या, "एकच दिवस. शुक्रवारी." तो सत्राचा शेवटचा दिवस होता. दुपारी माझं विमान होतं.

शुक्रवारी बोळाचं दार बंद ठेवलं आणि हॉलचं उघडलं. वर्गात जायचा रस्ता त्या दिवशी हॉलमधूनच. टेबलं आधीच मांडलेली, प्रत्येक जागी वाटी आणि चमचा. पिवळ्या आसनांचं टेबल मिसेस बार्लोंनी स्वतःकडे घेतलं, बाह्या वर सरकवून. फाटकाशी कुणीच उभं नव्हतं. मुलं आत आली, दप्तरं टाकली आणि मित्र जिथे बसले तिथे बसली. हॉल इतका भरला की मागून बाकं आणावी लागली.

अनन्याताईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "आज एक नवीन नियम. मी वाढत येणार. नको असेल, पुरे झालं असेल, तर वाटीवर असा हात. हात दिसला की मी थांबणार. प्रॉमिस."

पोरांना तो खेळच झाला. कुणी वाहतूक पोलिसासारखा हात करत होतं, कुणी डाव अगदी जवळ येईपर्यंत थांबून शेवटच्या क्षणी. एकाने दोन्ही हात धरून वर डोकं ठेवलं. मी खिडकीच्या आत कप हातात घेऊन बघत होतो.

टिली कोपऱ्यातल्या टेबलावर बसली होती. कोट तसाच, चेन गळ्यापर्यंत, हात बाह्यांच्या आत. अनन्याताई तिच्यापाशी आली.

"मी खाल्लंय, थँक यू," टिली म्हणाली.

अनन्याताई डाव वाटीवर धरून नुसती थांबली. इतर मुलांपाशी थांबली तितकीच, जास्त नाही. टिलीने डावाकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. हात बाहीतून बाहेर आला नाही.

अनन्याताईने अर्धा डाव वाढला आणि मागे न बघता पुढच्या मुलाकडे गेली.

तेवढ्यात बाहेर काकांच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी तसाच उभा राहिलो. पुन्हा हॉर्न. मिसेस बार्लोंनी ओल्या हाताने माझ्याशी हात मिळवला, म्हणाल्या, "आज चहा तरी घेऊन जा." मी या वेळी हो म्हणालो, पण वेळ नव्हता. दारातून वळून पाहिलं तर मधे मोठी मुलं उभी राहिली होती. जांभळा कोट दिसत होता, वाटी दिसत नव्हती.

"काका, दोन मिनिटं थांबला असता तर..."

"मी थांबलो असतो रे. विमान थांबत नाही बे."

घरी

आईला मी सगळं सांगितलं. विटांचे फोटो वडिलांनी बघितले, इंग्रजांचे सांधे सरळ असतात म्हणाले. आईने मात्र सगळं ऐकून एकच विचारलं, "त्या लेकरानं खाल्लं का मग?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

अनन्याताईला विचारायला हवं होतं. पण मी रोज उद्यावर ढकलत होतो. ती कामात असेल, मी कोण विचारणारा, काही असेल तर तीच कळवेल. शाळेचं नाव गेलं की नाही, हेही मला माहीत नव्हतं. परीक्षा झाल्या, निकाल लागले, कॉलेजचं नवं वर्ष सुरू झालं. आई मधूनच, भाकरी थापताना म्हणायची, "काही कळलं का रे तिकडचं?" मी नाही म्हणायचो. गणपतीच्या दिवसांत ती वैतागली. "इचार की रे. तुला तोंड नाही का?"

त्याच संध्याकाळी मी निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी अनन्याताईचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड केलेला. मी तो ओसरीवर बसून ऐकला.

"संतोष! किती महिने! मला वाटलं तू विसरला आम्हाला. तू विचारलं नाहीस, म्हणून मी पण बोलली नाही. ऐक. मिसेस बार्लोंनी त्याच दिवशी नाव पाठवलं. आम्हाला मिळालं. या टर्मपासून पूर्ण शाळेला ब्रेकफास्ट आहे, रोज, हॉलमधून. रोज पॉरिज खाली लागते, रोज कोणीतरी दूध सांडते. हात करायचं चालू आहे अजून. मिसेस बार्लो आता स्टाफ मीटिंगमध्ये बिस्किट नको असेल तर हात करतात.

"आणि टिली. त्या दिवशी तिने खाल्लं. कोट नाही काढला, पण खाल्लं. मी बघत नाही असं दाखवत होते. आता रोज खाते. पण संतोष, ती हात करतच नव्हती. मी वाढते, ती बघते. मी परत वाढते, ती परत बघते. तीन-तीन वेळा. तिने मला थांबवायची मी वाट बघत होते, रोज. आणि काल... काल कोट खुंटीला होता. मी दुसऱ्यांदा वाढायला गेले, तर ती फ्रेंडशी बोलत होती, माझ्याकडे बघितलं पण नाही. नुसता हात आडवा केला."

आईला त्यातलं अर्धंमुर्धंच कळलं. चुलीपाशी बसून तिने विचारलं, "काय म्हणती?"

"त्या पोरीनं हात आडवा केला, आई."

आईने तव्यावरची भाकरी उलटली.

"पोट भरलं म्हण की," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात न विचारता भाकरी टाकली.